अडलेली खाट

रुग्णालय केवढे मोठे, हे आपण मजल्यांवरून किंवा डॉक्टरांच्या संख्येवरून सांगत नाही. शंभर खाटांचे, पाचशे खाटांचे, असे सांगतो. सरकार मंजुरी देते ती खाटांना, आणि साथीच्या दिवसांत वर्तमानपत्रात रोज आकडा येतो तोही शिल्लक खाटांचा. खाट हे मोजमापाचे एकक झाले की तिच्यावरचा माणूस पाहुणा ठरतो, आणि पाहुण्याने किती दिवस राहावे याचे संकेत ठरलेले असतात. बहुतेक जण ते पाळतात. ताप उतरतो, टाके निघतात, बिल भागते, दाराशी रिक्षा येते.

या लेखाचा विषय आहे तो न गेलेला पाहुणा. डॉक्टरांच्या लेखी त्याचे उपचार संपले आहेत. पण मणक्याला मार लागल्यामुळे, पक्षाघातामुळे, पोलिओमुळे किंवा स्नायूंच्या दुखण्यामुळे तो आपला आपण उठून बसू शकत नाही. सकाळी कोणीतरी त्याला कुशीवर वळवायचे, संडास-लघवीचे बघायचे, अंग पुसायचे, कपडे घालायचे, खुर्चीत बसवायचे. रात्री हाच क्रम उलटा. काही तासांची ही मदत घरी मिळत नाही, म्हणून तो चोवीस तास रुग्णालयात राहतो. इंग्लंडमध्ये अशा माणसासाठी ‘बेड ब्लॉकर’, म्हणजे खाट अडवणारा, असा शब्द रूढ झाला. खटला चालण्याआधीच त्या शब्दाने निकाल देऊन टाकला. या विषयावरचे अहवाल, आठवणी आणि निकालपत्रे मी वाचत गेले, तसतशी मला एक गोष्ट स्पष्ट होत गेली. या माणसांना घरी नेणारा शोध औषधांच्या दुकानात लागलेला नाही. तो लागला हिशेबाच्या वहीत. सकाळी उठवणाऱ्या माणसाचा पगार कोणाच्या खात्यात लिहायचा, या एका प्रश्नाभोवती साधारण नव्वद वर्षांचा हा इतिहास फिरतो.

वर्कहाउसमधले वॉर्ड

लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स नावाचे रुग्णालय आहे. १९३५ साली शेजारच्या वर्कहाउसचा दवाखाना या रुग्णालयाकडे आला. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कष्टाच्या बदल्यात अन्न आणि आसरा देणारी, आणि तो देताना पुरेपूर लाज वाटायला लावणारी जुनी इंग्रजी संस्था. तिथल्या दवाखान्यातले सातशेहून अधिक रुग्ण मार्जरी वॉरन या डॉक्टरबाईंच्या वाट्याला आले. म्हातारी माणसे, पक्षाघात झालेली माणसे, तरुण अपंग, सगळे एकाच वॉर्डात होते. कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणावर होते. त्यांना नेमके काय झाले आहे, हे धड तपासलेलेही नव्हते. ‘जुनाट’ हा एकच शेरा सगळ्यांना पुरत होता.

वॉरनबाईंनी एकेकाला तपासले आणि गट पाडले. कोणाला चालण्याचा सराव दिला, कोणाला बसण्याचा. वॉर्डांना उजळ रंग लावून घेतले, खाटांची उंची आणि हाताने धरायच्या आधारांचा विचार केला. बरेच जण उठले आणि काही घरी गेले. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतून या कामाबद्दल लिहिले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा उभी राहिली तिच्या मुळाशी हे काम आहे. १९४७ साली रिचर्ड अॅशर या डॉक्टरांनी अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला, तोही याच विचारातला. स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पाठीला व्रण होतात, लघवीत जंतू वाढतात, मन मंदावते. थोडक्यात, आजाराने खाटेवर आलेल्या माणसाला पुढे खाटच आजारी करते.

पण वॉरनबाईंच्या कामालाही एक सीमा होती. रुग्णालय माणसाला दारापर्यंत आणू शकत होते. दाराबाहेर त्याचा हात कोण धरणार, हे ठरवण्याचा अधिकार रुग्णालयाला नव्हता.

एकाच दिवशी दोन कायदे

५ जुलै १९४८ हा ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा मोठा दिवस. त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि रुग्णालयातले उपचार सर्वांना मोफत झाले. त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स अॅक्ट हा दुसरा कायदाही अमलात आला. त्याने वृद्ध आणि अपंगांच्या निवासाची आणि देखभालीची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पहिल्या कायद्याखाली मिळणारी सेवा राष्ट्रीय आणि मोफत होती. दुसऱ्याखाली मिळणारी सेवा स्थानिक होती, आणि तिच्यासाठी ऐपतीप्रमाणे पैसे मोजावे लागत. घरी येऊन मदत करणाऱ्या बायका पुरवण्याची स्थानिक संस्थांना मुभा होती, सक्ती नव्हती.

कागदावर ही वाटणी सरळ दिसते. आजार दवाखान्याचा, देखभाल नगरपालिकेची. पण मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसाच्या अंगावर ही रेघ कुठे ओढायची? त्याला कुशीवर वळवणे हे उपचार की देखभाल? वॉर्डात परिचारिका वळवते तेव्हा ते उपचार असतात, म्हणून मोफत. घरी शेजारीण वळवते तेव्हा ती देखभाल होते, म्हणून ऐपतीप्रमाणे. कृती तीच, शरीर तेच, फक्त पैशाची थैली बदलते. दोन थैल्या दोन हातांत असल्या की प्रत्येक हात दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तो माणूस रुग्णालयात राहिला तर नगरपालिकेचा एक पौंडही खर्च होत नव्हता. मग तिने घाई का करावी?

१९७० मध्ये आल्फ मॉरिस या खासदाराने खासगी विधेयक मांडून दीर्घकाळ आजारी आणि अपंग व्यक्तींसाठी कायदा करून घेतला. घरात मदत देणे, घरात सोयीचे बदल करणे ही आता स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरली. या कायद्यातले एक कलम वाचताना मी थांबले. तरुण अपंगांना वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात ठेवू नये, त्यांची वेगळी व्यवस्था व्हावी, अशा आशयाचे ते कलम आहे. म्हणजे विशीतली, तिशीतली माणसे ऐंशीच्या पुढच्या माणसांबरोबर, रोज कोणीतरी दगावणाऱ्या वॉर्डात आयुष्य काढत होती, आणि ते इतके सर्रास होते की संसदेला त्यावर कलम लिहावे लागले.

थैल्यांचा तिढा मात्र सुटला नाही. स्वीडनने १९९२ साली त्यावर एक उपाय केला. उपचार संपलेला रुग्ण व्यवस्थेअभावी रुग्णालयात राहिला तर त्याचा खर्च त्याच्या गावच्या नगरपालिकेने द्यायचा. ब्रिटनने २००३ मध्ये हीच कल्पना उचलली. अडलेल्या प्रत्येक रुग्णामागे दिवसाला १०० पौंड, लंडन आणि आग्नेय भागात १२० पौंड, असा भुर्दंड स्थानिक संस्थांवर बसवला. धाकाने काही काळ हालचाल झाली. पण घरी जाऊन मदत करणारी माणसेच पुरेशी नसतील, त्यांचा पगार दुकानातल्या विक्रेत्याइतकाही नसेल, तर दंडाने ती उगवत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत एकट्या इंग्लंडमध्ये दर दिवशी तेरा-चौदा हजार खाटांवर घरी जाण्याइतके बरे झालेले रुग्ण होते. त्या सगळ्यांची अडचण एकच नव्हती, पण घरच्या मदतीची वाट पाहणारे त्यांत मोठ्या संख्येने होते.

श्वास मिळाला, घर मिळाले नाही

‘बरा झालेला, पण जाता न येणारा’ हा रुग्ण सर्वांत ठळकपणे समोर आणला तो पोलिओने. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले, आणि त्यांच्यासाठी यंत्रे मूठभरच होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवण्याचा आणि हाताने रबरी पिशवी दाबून श्वास देण्याचा मार्ग काढला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तिथे मानतात. पण या यशातून एक नवाच नागरिक जन्माला आला. तो मरणार नव्हता, आजारीही नव्हता, आणि यंत्राशिवाय व दुसऱ्याच्या हातांशिवाय जगूही शकत नव्हता. त्याच्यासाठी जागा कुठे आहे, याचा विचार कोणीच केला नव्हता.

आडोल्फ राट्झका हा अशांपैकी एक. बव्हेरियातल्या या मुलाला १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी पोलिओ झाला. पुढे श्वासासाठी यंत्र आणि फिरण्यासाठी चाकाची खुर्ची लागणार, हे स्पष्ट झाले. आजार ओसरला तरी तो म्युनिकच्या रुग्णालयातच राहिला, पाच वर्षे. त्या वेळच्या जर्मनीत त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: आईवडिलांनी सगळे उरकायचे किंवा संस्थेत राहायचे. वयाची सतरा ते बावीस ही वर्षे त्याने उठायची, जेवायची, दिवे मालवायची वेळ दुसरे ठरवतात अशा खोलीत काढली. १९६६ मध्ये तो रुग्णालयातून निघाला तो थेट लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात. बव्हेरियाच्या सरकारने मदतनिसांसाठी पैसे देण्याचे मान्य केले होते, आणि तो त्या पैशांतून सहविद्यार्थ्यांना मदतनीस म्हणून नेमत असे. त्याच्या शरीरात या दोन पत्त्यांच्या दरम्यान काहीही सुधारले नव्हते. पगार देण्याची सोय झाली आणि रुग्णाचा विद्यार्थी झाला, एवढेच.

कॅलिफोर्नियात हे शक्य झाले, त्यालाही मागचा इतिहास होता. १९५३ पासून लॉस एंजेलिस काउंटी पोलिओग्रस्त प्रौढांना घरी मदतनीस पुरवू लागली होती. यामागे दयेपेक्षा काटकसर अधिक होती. यंत्रावरच्या रुग्णाला रुग्णालयात ठेवण्यापेक्षा घरी माणूस देणे कितीतरी स्वस्त पडते, हे हिशेबनिसांच्या लक्षात आले होते. हा कोरडा हिशेब पुढे एका चळवळीच्या कामी आला.

एड रॉबर्ट्स हा मुलगा त्याच राज्यातला. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले. रात्री त्याला ‘आयर्न लंग’ या लोखंडी पिंपासारख्या श्वासयंत्रात झोपावे लागे. १९६२ मध्ये त्याला बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पण ते अवजड यंत्र वसतिगृहाच्या खोलीत मावेना. शेवटी विद्यापीठाच्या आवारातल्या कॉवेल रुग्णालयात त्याला एक खोली दिली गेली. पुढच्या वर्षी जॉन हेस्लर आला, मग आणखी काही जण आले. रुग्णालयाचा मजला हे गंभीर अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह बनले. ते वर्गात जात, वाद घालत, रात्री उशिरापर्यंत जागत. आपले मदतनीस आपणच नेमायचे आणि जमले नाही तर आपणच काढायचे, हे ते तिथे शिकले. तरीही पत्ता रुग्णालयाचाच होता, आणि तो त्यांना खुपत होता. १९७० मध्ये त्यांनी विद्यापीठात स्वतःचे सेवा-केंद्र उभे केले. त्यात मदतनिसांची यादी होती आणि व्हीलचेअर दुरुस्तीची सोयही. १९७२ मध्ये शहरात ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ सुरू झाले. राज्याच्या पुनर्वसन खात्याने एकेकाळी या एडला नोकरी मिळणे अशक्य म्हणून शिक्षणाची मदत नाकारू पाहिली होती. १९७५ मध्ये गव्हर्नरने त्याच खात्याच्या प्रमुखपदी त्याची नेमणूक केली.

पैसा कोणाच्या हातावर

रुग्णालयातून सुटका झाली म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये लेनर्ड चेशायर या निवृत्त वैमानिकाने १९४८ मध्ये ‘ल कोर्ट’ या जुन्या वाड्यात अपंगांसाठी घर सुरू केले. अशा घरांचे जाळे पुढे जगभर पसरले. मुंबईत अंधेरीला पन्नाशीच्या दशकात निघालेले चेशायर होम त्यांतलेच. पॉल हंट हा तरुण रुग्णालयाच्या वॉर्डात काही वर्षे काढून ‘ल कोर्ट’मध्ये आला. वॉर्डापेक्षा ते शतपटीने बरे होते. पण झोपायची वेळ, पाहुण्यांचे नियम, कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे, हे सारे व्यवस्थापन ठरवत असे. हंट आणि त्याच्या सोबत्यांनी त्याविरुद्ध झगडा दिला. १९७२ मध्ये त्याने ‘गार्डियन’ दैनिकाला पत्र लिहून संस्थांत अडकलेल्या अपंगांना संघटित होण्याचे आवाहन केले. अपंगत्व शरीरात कमी आणि समाजाच्या रचनेत जास्त असते, हा आज अभ्यासक्रमांत शिकवला जाणारा विचार या पत्रातून निघालेल्या संघटनेने मांडला.

याच ‘ल कोर्ट’मधल्या काही रहिवाशांनी १९७९ मध्ये वही-पेन्सिल घेतली. १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झाले होते, म्हणून त्यांनी आपल्या योजनेला ‘प्रोजेक्ट ८१’ नाव दिले. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हाला इथे ठेवण्यासाठी स्थानिक संस्था जी रक्कम भरते, ती आमच्या हाती द्या. आम्ही घर घेऊ, माणसे नेमू, पगार देऊ. अडचण अशी की १९४८ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थेला अपंग व्यक्तीच्या हाती रोख पैसे देताच येत नव्हते. मग पैसे संस्थेमार्फत फिरवून देण्याची पळवाट काढली गेली. १९८३ मध्ये जॉन इव्हान्स ‘ल कोर्ट’मधून बाहेर पडून स्वतःच्या घरी राहायला गेला. त्या पळवाटेचा राजरस्ता व्हायला १९९६ साल उजाडले. त्या वर्षी थेट पैसे देण्याचा कायदा संमत झाला.

दरम्यान राट्झका संशोधनासाठी १९७३ मध्ये स्वीडनला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. १९८४ मध्ये त्याने स्टॉकहोममध्ये अपंगांची सहकारी संस्था काढली. सभासदांनी आपापल्या मदतनिसांचे मालक व्हायचे आणि कागदोपत्री कामे संस्थेने बघायची, अशी तिची रचना होती. १ जानेवारी १९९४ पासून स्वीडनमध्ये वैयक्तिक मदतनीस हा कायदेशीर हक्क झाला. रोजच्या मूलभूत गरजांसाठी आठवड्याला वीस तासांहून अधिक मदत लागणाऱ्याला तासांच्या हिशेबाने राष्ट्रीय विमा निधीतून पैसे मिळू लागले. पाच वर्षे रुग्णालयात अडकलेल्या एका मुलाचा अनुभव अखेर एका देशाचा कायदा झाला.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयाच्या पायऱ्या चढला. लुईस कर्टिस आणि इलेन विल्सन या जॉर्जिया राज्यातल्या दोन स्त्रिया. दोघींना बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार होता. अटलांटाच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच सांगितले होते की आता या बाहेर, योग्य मदतीने राहू शकतात. तरी त्यांची सुटका होईना, कारण बाहेर व्यवस्था नव्हती. लुईसने वकिलाला गाठले. १९९५ मध्ये दावा दाखल झाला आणि २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या या निकालाचे सार असे: जो समाजात राहू शकतो आणि राहू इच्छितो, त्याला विनाकारण संस्थेत कोंडून ठेवणे हा अपंगांविरुद्धचा भेदभाव आहे. लुईस पुढे चित्रकार झाली. २०११ मध्ये तिने आपले एक चित्र व्हाइट हाउसमध्ये जाऊन राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेट दिले.

आपल्याकडे काय अडते

आता घराकडे वळू. बरा झालेला, पण घर बंद असलेला माणूस महाराष्ट्राला नवा नाही. कुष्ठरोग्यांच्या रूपाने तो आपण दीड शतक पाहत आलो आहोत. मुंबईत १८९० मध्ये महापालिका आयुक्त अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला कुष्ठरुग्णालय निघाले. शतकाच्या मध्यावर डॅप्सोन आले, पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण झडलेली बोटे आणि चेहऱ्यावरच्या खुणा राहिल्या, आणि गावाने दार लावून घेतलेले राहिले. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, त्यामागे हेच वास्तव होते. घर परत मिळत नाही, तर नवे गावच वसवू. ते उत्तर थोर आहे. पण ज्या गावांनी दारे लावली त्यांना कोणी काही विचारले नाही, हेही खरे.

दुसरे उदाहरण मनोरुग्णालयांचे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या आपल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही राहिलेली माणसे आहेत, हे कोणापासून लपलेले नाही. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या एका अभ्यासात, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६ टक्क्यांच्या वर रुग्ण तिथे वर्षाहून अधिक काळ असल्याचे दिसले. निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे एकोणिसावे कलम स्पष्ट सांगते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोयी नाहीत, एवढ्याच कारणासाठी कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि अशा सोयी उभारणे हे सरकारचे काम आहे. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजवावे लागले की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवून आकडे कमी करू नका. खाट मोकळी झाली, माणूस मात्र एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात गेला.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयाच्या वॉर्ड क्रमांक ४ मध्ये १८ मे २०१५ पर्यंत होती. २०११ च्या निकालामुळे तिची कहाणी दयामरणाच्या चर्चेत बांधली गेली. पण त्या कहाणीत खाटेचीही एक गोष्ट आहे. मधल्या काळात तिला दुसरीकडे हलवून खाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले, आणि तिथल्या परिचारिकांनी ते हाणून पाडले. पिढ्यामागून पिढ्या त्यांनी तिला अंघोळ घातली, भरवले, कूस बदलली. ते ऋण मोठेच आहे. पण ती त्यांची सहकारी होती. बाकीच्यांसाठी कोण असे उभे राहणार?

बाकीच्यांसाठी आपल्याकडे एक गृहीत धरलेले उत्तर आहे. रुग्णालयात दाखल होताना पहिला प्रश्न विचारला जातो, ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ कोणीतरी असतेच, असे गृहीत धरूनच आपली रुग्णालये चालतात. त्यामुळे मणक्याला मार लागलेल्या माणसाने वर्षभर खाट अडवली, असे आपल्याकडे क्वचित घडते. परांचीवरून पडलेला मजूर, माडावरून पडलेला पाडेली, दुचाकीच्या अपघातातला मुलगा, यांना शस्त्रक्रियेनंतर थोड्या आठवड्यांत घरी नेले जाते. लढाईत किंवा सेवेत मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पुण्यात खडकीला पुनर्वसन केंद्र आहे. मजुरासाठी घरातली बाई आहे. इंग्लंडमध्ये खाट अडते, तशी इथे बाई अडते. तिचे शेत सुटते, धुण्याभांड्यांची कामे सुटतात, मुलीची शाळा सुटते. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, हे तिला कोणी नीट शिकवलेले नसते. मग पाठीला व्रण होतात, लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडात जातो, आणि टाळता आले असते असे मरण घरच्या खाटेवर येते. त्याची नोंद ‘रुग्णालयातून सोडले, प्रकृती स्थिर’ एवढीच असते.

शहरांत ब्यूरोची मावशी मिळते, पण तिच्या एका पाळीचे पैसे शेकडो रुपयांत असतात. ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्र सरकारच्या योजनेतून महिन्याला ३०० रुपये पेन्शन आहे. त्यात राज्याने भर घातली तरी पूर्ण वेळच्या मदतनिसाच्या पगाराच्या आसपास ती जात नाही. आणि ती मावशीही कोणाच्या तरी घरची बाई असते. तिला ठरलेला पगार, सुट्टी, पाठदुखीचे औषध मिळाले नाही, तर एका घराची मोकळीक दुसऱ्या घराच्या बोकांडी बसते. वैयक्तिक मदतनिसाचा विचार करताना हा दुसरा हिशेब सुटता कामा नये.

आपल्या कायद्याला हे ठाऊक नाही, असे नाही. भारताने अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर २००७ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. २०१६ च्या आपल्या कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी घरातल्या मदतीपासून वैयक्तिक साहाय्यापर्यंतच्या सेवांचा उल्लेख आहे. उल्लेख आहे, थैली नाही. थैली कशी उघडता येते याची एक झलक केरळने दाखवली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या एका छोट्या वेदनाशमन केंद्रापासून सुरुवात झाली. १९९९ नंतर मलप्पुरम आणि आसपासच्या गावांत स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले, आणि २००८ मध्ये राज्याने तसे धोरण केले. पंचायतीची परिचारिका घरोघरी जाऊ लागली. कर्करोग्यांसाठी निघालेली ही वाट लुळ्या पडलेल्या माणसांच्या घरापर्यंतही पोचली. ती स्वीडनइतकी पूर्ण नाही, पण सोडलेल्या माणसाच्या मागे कोणीतरी जाते, हे तिने मान्य केले.

मराठीत आपण डिस्चार्जला ‘सोडले’ म्हणतो. तुरुंगातूनही सोडतात आणि वाऱ्यावरही सोडतात. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर निदान असते, शस्त्रक्रियेची तारीख असते, गोळ्यांची नावे असतात, पुन्हा कधी यायचे ते असते. त्यात एक रकाना वाढवावा, असे मला वाटते. उद्या सकाळी याला कोण उठवणार, आणि तिचा पगार कोण देणार? हा रकाना भरल्याशिवाय कार्डावर सही होऊ नये. पहिली काही वर्षे तो रिकामाच राहील आणि खाटा अडतील, रुग्णालये तक्रार करतील, वर्तमानपत्रांत आकडे येतील. येऊ देत. आज जे घराच्या भिंतीआड अडले आहे ते निदान मोजले तरी जाईल.